साखरपुड्यापुरते दात

सुध्या,

केतकीच्या साखरपुड्याचे फोटो काल वहिनींनी पाठवले. फोटोग्राफरने उशीर केला, नाहीतर तू असतानाच आले असते. एकूण एक फोटोत तू तोंड मिटून उभा आहेस. मुलीला आशीर्वाद देताना मिटलेलं, पेढा घेताना जेमतेम उघडलेलं. ग्रुप फोटोत सगळ्यांचे दात बाहेर आणि तुझे ओठ पाकिटासारखे चिकटवलेले. त्या दिवशी तुझ्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय हो, सुधीररावांना मुलगा पसंत नाही का?"

"पसंत आहे हो. दात नाहीयेत."

ते हसले नाहीत. त्यांना वाटलं मी काहीतरी झाकतोय. त्यांची तरी काय चूक? ज्या माणसाने अर्ध्या उपनगराला दात पुरवले तो स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात बोळका, हे कोणाला पटणार? आणि ते दात वेळेवर द्यायचं काम माझ्याकडे होतं.

घाटकोपरच्या गाळ्यात आपण दोघांनी आयुष्य काढलं ते दुसऱ्यांच्या कवळ्या करण्यात. तुझ्याकडे मेण, माझ्याकडे दात. डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचं माप आलं की प्लास्टरचं मॉडेल ओतायचं, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, त्या मेणात मी एकेक दात रोवायचा आणि ती मेणातली कवळी ट्रायलला पाठवायची. पेशंटच्या तोंडात ठीक दिसली की ती परत यायची, उकळत्या पाण्याने मेण धुऊन जायचं आणि त्याच्या जागी पक्कं ऍक्रिलिक भरलं जायचं. म्हणजे तू जन्मभर अशी वस्तू बनवलीस जी शेवटी धुवूनच टाकायची असते. मी तुला हे एकदा म्हणालो होतो, खिजवायला. तू म्हणालास, "आणि तू त्यातही वाकडे दात लावतोस."

तो मे महिना आठवतो का तुला? मुलुंडच्या डॉक्टर बाईंकडे एका आजोबांची ट्रायल पोचवायची होती. तू बजावलं होतंस, "नंद्या, डबा ओल्या फडक्यात ठेव, सरळ जा, कुठे थांबू नको." मी सरळच गेलो. फक्त भांडुपला उसाचा रस प्यायला थांबलो. मग दुसरा ग्लास घेतला, कारण पहिल्यात बर्फ कमी होता. कवळी स्कूटरच्या डिकीत आणि स्कूटर उन्हात. थोड्या वेळाने बाईंचा तुला फोन. "अहो सुधीर, पेशंट म्हणतायत, मला अर्धांगवायू अजून झालेला नाही." कवळीचं हसू डाव्या बाजूने ओघळलं होतं.

तू शिव्या घातल्या असत्यास तर मी स्वस्तात सुटलो असतो. तू मला केमिस्ट्री शिकवलीस. बारावीला ज्या विषयात मी गचकलो तोच विषय, गाळ्यात, पंख्याखाली, देवाजवळचा उदबत्त्यांचा पुडा हातात घेऊन.

"हे मेण," तू म्हणालास. "कार्बनची लांबलचक साखळी, सरळसोट, अंगाला हायड्रोजन चिकटलेले. एकमेकांना धरायला ह्यांना हातबित नाहीत. अंगाला अंग लागतं, तेवढीच काय ती पकड. साखळी लांब तर पकड जास्त. तीन-चार कार्बनवाले म्हणजे तुझ्या घरचा सिलिंडर. दाबून ठेवले नाहीत तर गॅस होऊन उडून जातात. सात-आठवाले पेट्रोल. बारा-पंधराच्या आसपास रॉकेल. वीस-पंचविसाच्या पुढे गेलास की मेण. घराणं एकच. फरक लांबीचा."

"मग माझी कवळी ओघळली कशी?"

"आजोबांची कवळी. ओघळली कारण तुला रस प्यायचा होता. आणि मेण काय एकदम वितळत नाही. आधी साखळ्या जागच्या जागी कूस बदलायला लागतात. रांग मोडत नाही, पण घट्टपणा जातो. तेवढ्यात दात सरकतात."

मग खाली जाऊन सोसायटीच्या तुळशीच्या वाळक्या काटक्या आणल्यास आणि त्याच पुड्यात कोंबायला लागलास. पुडा फुगला, झाकण बसेना.

"ही फांद्यावाली साखळी. नीट रचली जात नाही. हिच्याच वजनाची सरळ साखळी घेतलीस तर ही तिच्याआधी वितळते."

"मग घालतोस कशाला मेणात?"

"कारण नुसत्या सरळ साखळ्यांचं मेण चाकू लावला की तडकतं. सगळे इतके शिस्तीत उभे की एक फट पडली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. मध्ये फांद्यावाले असले की फट तिथे अडखळते. मेण वाकतं, पण मोडत नाही."

मला वाटलं, आता याला पकडला. मायक्रो मेण, म्हणजे तुझं ते फांद्यावालं, त्याच्या पोत्यावर वितळण्याचा आकडा साध्या मेणापेक्षा बराच वर होता. मी पोतं ओढत तुझ्यासमोर आणलं. "हे बघ. फांद्यावालं आधी वितळतं म्हणालास ना? इथे तर उलटं लिहिलंय."

तू चष्मा पुसलास. मला वाटलं, हरला. "एकाच वजनाच्या म्हटलं ना मी? हे रेणू भलते लांब आहेत. लांबीने कमावलं, त्यातलं थोडं फांद्यांनी घालवलं. तरी उरलंच."

"म्हणजे तुझंच नेहमी बरोबर."

"केमिस्ट्रीचं. माझं काय त्यात?"

असा तू. तुला कधी वाद जिंकल्याचा आनंदही घेता आला नाही. मी तुझ्या जागी असतो तर शेजारपाजारच्या सगळ्या गाळ्यांना चहा पाजला असता.

मी केलेल्या घोटाळ्यांची यादी तुझ्याइतकी कोणाकडेच नव्हती, आणि तू ती कोणाला सांगितली नाहीस. घाटकोपरच्या काकूंची कवळी कांजूरमार्गच्या मास्तरांना गेली, तेव्हासुद्धा डॉक्टरांना तू "लॅबची चूक" म्हणालास. लॅबमध्ये माणसं दोनच, तेव्हा त्यांना कळायचं ते कळलंच असेल. पण तू नाव घेतलं नाहीस. याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, "आता नवीन काय केलंस?"

मग तुझ्या हृदयाची झडप बदलायची ठरली. सर्जन म्हणाले, आधी तोंड साफ करून या, हिरड्यांतला पू रक्तात जायला नको. तुझे दात तसेही सगळे हलत होते. बाईंनी एकेक करत सगळे काढले. ऑपरेशन नीट झालं, तू मुलुंडला घरी आलास, जिन्याने चढायला लागलास. फक्त बोलणं बंद केलंस. एरवी रस्ता ओलांडताना व्हॉइस मेसेज पाठवणारा तू, आता मला टाइप करून पाठवायला लागलास, तेही पूर्णविरामासकट. घरी कोणी आलं की हात तोंडावर. मी तुला म्हणायचो, "अरे, बोळकी तोंडं बघून आपलं घर चाललं, तुला कसली लाज?" तू मान हलवायचास. दुसऱ्यांची बघणं वेगळं, असा त्याचा अर्थ.

हिरड्या भरून आल्या, माप घेतलं, केतकीच्या साखरपुड्याची तारीखही तेव्हाच ठरली. मी मॉडेल ओतून तुला दाखवायला घेऊन आलो तेव्हा तू बेडवर बसला होतास. हात तोंडासमोर धरून म्हणालास, "नंद्या, पक्की नंतर कर. बाईंना घाई नको. साखरपुड्याला मेणातलीच दे."

"मेणातली घालून कोणी मिरवतं का? हॉलचा एसी बंद पडला तर तुझे दात व्याह्यांच्या ताटात."

"मेण बरोबर असेल तर तोंडाच्या उष्णतेने काही होत नाही. जेवणार नाही. बोलणार नाही. फक्त हसेन."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, एवढं ऐका ह्यांचं." मी म्हटलं, "ऐकलं म्हणून समजा."

तुझ्या हातचं मेण तू आजारी पडल्यावर संपलं होतं आणि बाकीच्या पेशंटांसाठी मी बाजारातून तयार मेणाचे गुलाबी पत्रे आणत होतो. चांगले असतात. तुझी कवळीही त्यात झाली असती, आठवड्याच्या आत. बाई म्हणाल्याही तसं. पण मला ते कसंसंच वाटलं. ज्याने आयुष्यभर स्वतः मेण पातेल्यात ढवळून लोकांना दिलं, त्याच्या तोंडात दुकानातला पत्रा घालायचा? आणि खरं सांगू, मला तुला चकित करायचं होतं. ट्रायलच्या दिवशी तू ते मेण जिभेने चाचपून विचारणार, "कुठून आणलंस रे?" आणि मी इकडेतिकडे बघत म्हणणार, "असंच. घरचंच आहे." इतक्या वर्षांत एकदा तुला माझ्याकडे बघून भुवया उंचावताना पाहायचं होतं.

पहिला घाणा मी सरळ साखळ्यांचा केला. डोक्यात तो उसाचा रस. ओघळायला नको म्हणून एवढं कडक केलं की पुढचे दात रोवून हिरडीला आकार द्यायला चाकू लावला आणि मेण टचकन तडकलं. दोन दात टेबलावरून घरंगळत पंख्याखाली गेले. मी गुडघ्यांवर बसून तुझे समोरचे दात शोधत होतो आणि मला हसू येत होतं, तुला सांगायला मिळणार म्हणून.

दुसऱ्या घाण्यात फांद्यावाले सढळ हाताने ओतले. मेण झालं च्युइंगगमसारखं. तडकायचं नाव नाही, पण चाकू सुटेना आणि ओढ बसली की दात मागेपुढे. संध्याकाळी सरळ लावलेली रांग सकाळी येऊन बघतो तर गावच्या वाटेसारखी. तुला मेसेज केला, सहज विचारल्यासारखं, की मायक्रो मेण साधारण किती घालतोस. तुझं उत्तर आलं, "चाकूला विचार." आणि पाठोपाठ दुसरं, "बाजारचे पत्रे आण. लाज कसली."

तेव्हा ऐकलं असतं तरी वेळेवर झाली असती कवळी. मी लिहिलं, "होईल होईल." तू अंगठा पाठवलास.

साखरपुड्याच्या दिवशी मी हॉलवर रिकाम्या हातांनी आलो. तू सूट घालून दाराशी उभा होतास. माझ्या हातांकडे बघितलंस, मग तोंडाकडे, आणि खांद्यावर थाप मारून आत ढकललंस. तू बोलणारच नव्हतास त्या दिवशी. पण हसणार होतास.

नंतरच्या रविवारी मी तुझ्याकडे आलो तो माफी मागायला. वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो. वहिनींनी चहा ठेवला आणि मी घसा खाकरला, तेवढ्यात तू विचारलंस, "पेंटेन माहितीये?"

"मेडिकलवाल्याकडे मिळतं?"

"गाढवा, पाच कार्बन. पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन, तेवढेच घेऊन तीन आकार बनतात. एक सरळ, एक एका फांदीचा, आणि एक गोल. मधला कार्बन आणि चहूबाजूंना चार. वजन तिघांचं एकच. गोल सगळ्यांत आधी उकळतो. मुंबईत तर तो कायम गॅसच. का, ते तू सांगू शकतोस."

"अंगाला अंग कमी लागतं."

"शाबास. आता थंड करत जा. गोठतोही तोच सगळ्यांत आधी. सरळवाला त्याच्याखाली आणखी शंभरावर अंश जाईपर्यंत पातळच. जो निसटायला सगळ्यांत सोपा, तोच गोठायलाही सोपा. कसं काय?"

तुझा हात तोंडावर नव्हता. केमिस्ट्री बोलताना तुला दातांची आठवणच राहिली नव्हती. 'सोपा'तला 'स' शिट्टीसारखा वाजत होता आणि तुला पर्वा नव्हती. मी वाद घातला. म्हटलं, तुझा नियमच मोडीत निघाला, पकड कमी तर गोठायलाही उशीर व्हायला हवा. तू म्हणालास, "उकळताना विचारतात पकड किती. गोठताना आणखी एक गोष्ट विचारतात. शोध." मी म्हटलं, सांग की. तू म्हणालास, "सगळं मीच सांगू?" वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, सांगू देऊ नका, ह्यांना जेवायचंय." माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. दारात चपला घालताना मी वळलो होतो, सुध्या. तू टीव्हीचा रिमोट शोधत होतास.

तिसरा घाणा मी चाकूला विचारून केला. थोडं घालायचं, थंड करायचं, पट्टी वाकवायची, चाकू फिरवायचा, पुन्हा थोडं. साल निघते तशी मेणाची पातळ कड निघाली, न तडकता, न चिकटता, तेव्हा कळलं तुझा मेसेज किती सरळ होता. मी दात लावले. वरचे, खालचे. फोटो पाठवला. तुझं उत्तर आलं, "झकास. सोमवारी बाईंकडे जाऊ." पूर्णविरामासकट.

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तू गेलास.

लोक मला सांगतात, वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला त्रास झाला नाही. त्यांना कसं सांगू की मला वाईट कशाचं वाटतंय? तुझी झडप, तुझं हृदय, ते माझ्या हातातलं नव्हतं. माझ्या हातात एक साधं काम होतं, जे मी रोज परक्या माणसांसाठी करतो, आणि ते मी फक्त तुझ्यासाठी लांबवलं. तुझ्यावर जीव नसता तर ते वेळेत झालं असतं. हे वाक्य मी कितीदा उलटंसुलटं करून पाहिलं, ते तसंच राहतं.

तेराव्याला वाढायला मी होतो. लाडवांचा मोठा डबा माझ्याकडे आला. आचाऱ्याने लाडू नुसते ओतले होते, न रचता, आणि तरी डबा कसा चापून भरला होता. मी एक उचलला. अलगद आला, शेजारच्याला जेमतेम एका ठिपक्यापुरता टेकलेला. मी तो परत टाकला. कसाही पडला तरी सरळच पडला. लाडवाला उलटं-सुलटं असतंच कुठे? उदबत्ती रचायची तर ती वळवून, सरळ करून, बाकीच्यांच्या रांगेत आणून बसवावी लागते. त्यात सरळवाला पेंटेन तर वळवळणारा, थंडीत आखडून एका रेषेत यायला त्याला केवढा वेळ. लाडू, म्हणजे तुझा गोल पेंटेन, नुसता टाकला की बसला. म्हणून निसटायलाही तोच सोपा आणि गोठायलाही. पकड वेगळी, बसणं वेगळं.

मी मोठ्याने हसलो. तुझ्या तेराव्याला, पंगतीत, हातात लाडवांचा डबा घेऊन. तुझे व्याही माझ्याकडे बघायला लागले. त्यांचं आता माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते विचारू नकोस. मी तुझ्या फोटोकडे वळून जवळजवळ बोलणार होतो. वाद संपला होता आणि मी हरलो होतो, आणि तुला ते सांगायचं राहून गेलं. चुकलो, हे सांगायचंही राहिलं. दोन्हीपैकी कुठलं आधी सांगितलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक लाडवांचं.

गेल्या आठवड्यात मी तुझी कवळी पूर्ण केली. बाई म्हणाल्या, "नंदू, कशाला?" अर्धवट काम टेबलावर ठेवून दुसऱ्यांचं हातात घेववेना, एवढंच. साच्यात उकळतं पाणी सोडलं आणि मला अखेर जमलेलं ते एकुलतं एक मेण गुलाबी तवंग होऊन मोरीत गेलं. ऍक्रिलिक भरलं, शिजवलं, घासलं, पॉलिश केलं. मुलुंडला जाऊन वहिनींच्या हातात दिलं. खरं तर भीत होतो, की हे काय अभद्र घेऊन आला म्हणतील.

त्यांनी खिडकीशी नेऊन उलटीपालटी करून पाहिली. "पिवळट दात घेतलेत."

"त्याचे तसेच होते ना. चहाने."

"हो. बरं केलंत. पांढरे शुभ्र घातले असतेत तर मी ओळखले नसते." मग पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली, खरं तर पुसण्यासारखं काही नव्हतं. "बसली असती का हो ह्यांना?"

मी म्हटलं, "मॉडेलवर तर अगदी बसलीये, वहिनी."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं. तुला पटलं नसतं. आपल्या दोघांनाही ठाऊक आहे की प्लास्टरच्या जबड्यावर सगळंच बसतं. माणसाच्या तोंडात गेल्यावर कुठेतरी एक दात उंच निघतोच. बाई निळा कागद चावायला देतात, म्हणतात, चावा, घासा, बोला काहीतरी, आणि जिथे निळा ठिपका उमटतो तिथे जरासं घासतात. तुझ्या कवळीतही एक दात उंच राहिलाय, सुध्या. कुठला, ते मी रोज तुला पाठवलेल्या त्या फोटोत बघतो आणि मला दिसत नाही.